पॅकेज प्रस्थापक, संगणकीय

संगणकावर नवी आज्ञावली बसविणे, तिची जुनी आवृत्ती बदलणे व ती नको झाल्यास काढून टाकणे ही कामे करणाऱ्या साधनास पॅकेज प्रस्थापक किंवा इन्स्टॉलर असे म्हणतात. पॅकेज म्हणजे एखाद्या आज्ञावलीच्या सर्व फाईली, त्यांच्यासंबंधीची माहिती आणि बसविताना वा काढताना करावयाच्या कृतींच्या सूचना यांचा एकत्र बांधलेला संच होय. कोणतीही आधुनिक आज्ञावली स्वयंपूर्ण नसते. अक्षरे पडद्यावर दाखविणे, फाईल उघडणे, जाळ्यावरून माहिती आणणे यांसारखी नेहमीची कामे ती सामायिक लायब्ररींकडे सोपविते. त्यामुळे एक पॅकेज बसवावयाचे झाल्यास ते ज्यांवर अवलंबून आहे अशी इतर पॅकेजेही बसवावी लागतात. याला अवलंबन असे म्हणतात. याउलट दोन पॅकेजे एकाच संगणकावर एकत्र नांदू शकत नसतील, तर त्यांच्यात विरोध आहे असे म्हणतात. प्रस्थापकाच्या बहुतेक अडचणी या दोन संबंधांतून उद्‌भवतात आणि त्याचा इतिहास हा या अडचणी ओळखण्याचा व सोडविण्याचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : प्रारंभीच्या मोठ्या संगणकांबरोबर लागणाऱ्या आज्ञावल्या उत्पादक संस्थाच पुरवीत व त्या बसवून देण्यासाठी तिचे तंत्रज्ञ ग्राहकाकडे येत. १९६९ मध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने आज्ञावल्या व सेवा यांची किंमत यंत्राच्या किंमतीपासून वेगळी करण्याचे जाहीर केले. आज्ञावली ही स्वतंत्र विक्रेय वस्तू होण्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची ठरली. साहजिकच ती बसविण्याची जबाबदारीही हळूहळू ग्राहकाकडे सरकू लागली.

त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या परिचालन प्रणालीच्या विकासास सुरुवात केली. विद्यापीठांत व संशोधन संस्थांत युनिक्सचा प्रसार झाला, तो बव्हंशी मूळ संहितेच्या रूपाने. संहिता फितीवरून उतरवून घ्यावयाची, तिचे आपल्या यंत्राच्या भाषेत रूपांतर करावयाचे व तयार झालेल्या फाईली योग्य जागी ठेवावयाच्या, अशी रीत होती. कोणती फाईल कोणत्या फाईलीवर अवलंबून आहे हे लिहून ठेवून बदललेल्या भागाचेच पुन्हा रूपांतर करणारी ‘मेक’ ही आज्ञावली स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केली. मात्र यंत्रायंत्रांतील भेद राहिलेच. ते आपोआप शोधून काढणारी ‘ऑटोकॉन्फ’ ही साधनप्रणाली डेव्हिड मकेंझी यांनी १९९१ मध्ये सुरू केली. या पद्धतीने आज्ञावली बसत असे. परंतु तिच्या कोणत्या फाईली कोठे गेल्या याची नोंद कोठेही होत नसे. परिणामी ती पूर्णपणे काढून टाकणे किंवा बिघाडाचे मूळ शोधणे अवघड होई.

लिनक्स वितरणे व डेबियन : १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्झ यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. गाभा, साधने व उपयुक्त आज्ञावल्या एकत्र करून देणाऱ्या संचांना वितरण असे नाव मिळाले. पीटर मॅक्डॉनल्ड यांचे ‘सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम’ हे १९९२ मधील वितरण बरेच प्रचलित होते, पण त्यात दोषही पुष्कळ होते. त्यांविषयीच्या असमाधानातून १९९३ मध्ये दोन वितरणे निघाली : पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर व ईअन मर्डॉक (१९७३–२०१५) यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केलेले डेबियन. स्लॅकवेअरमध्ये पॅकेज म्हणजे मुख्यतः फाईलींचा गठ्ठा होता व अवलंबनाचा विचार वापरणाऱ्यावर सोपविला होता. डेबियनची उभारणी अनेक स्वयंसेवकांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या पॅकेजांवर व्हावयाची असल्याने, त्या पॅकेजांनी परस्परांविषयी काय गृहीत धरले आहे हे लेखी नमूद करणे तेथे अपरिहार्य होते.

या गरजेतून ‘डीपीकेजी’ हे साधन निर्माण झाले. त्याची सध्याची सी भाषेतील रचना मुख्यतः ईअन जॅक्सन यांनी उभी केली. प्रत्येक पॅकेजाबरोबर एक नियंत्रण-फाईल असते. तीत नाव, आवृत्ती, अवलंबने, विरोध, तसेच शिफारस व सूचना अशी सौम्य नाती नमूद केलेली असतात. फाईली उतरविण्यापूर्वी व नंतर आणि पॅकेज काढण्यापूर्वी व नंतर चालवावयाच्या अशा चार लघुसंहिताही त्यात असू शकतात. प्रत्येक पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद डीपीकेजी ठेवते. अर्धे बसलेले, उलगडलेले पण सिद्ध न केलेले, अर्धे सिद्ध झालेले, पूर्ण बसलेले, काढूनही ज्याच्या मांडणीच्या फाईली शिल्लक आहेत असे, या त्यांपैकी काही अवस्था होत. पॅकेज बसविणे ही एकच कृती नसून टप्प्यांची मालिका आहे आणि ती मध्येच तुटू शकते, ही जाणीव या नोंदीत स्पष्टपणे दिसते. पुढील दोषशोधनाचा पाया तीच ठरली.

डीसिलेक्ट व त्याची दुर्बोधता : डीपीकेजी हाती दिलेले पॅकेज बसवी, पण कोणती पॅकेजे हवीत हे ठरविण्याचे काम ते करीत नसे. त्यासाठी जॅक्सन यांनी ‘डीसिलेक्ट’ ही पडदाधिष्ठित आज्ञावली लिहिली. तिच्या मुख्य सूचीत पॅकेजे आणण्याचा मार्ग निवडणे, उपलब्ध पॅकेजांची यादी अद्ययावत करणे, निवड करणे, बसविणे, सिद्ध करणे, काढणे व बाहेर पडणे अशा सात पायऱ्या होत्या. क्रम तर्कशुद्ध होता. अडचण येई ती निवडीच्या पायरीवर.

निवडीच्या पडद्यावर शेकडो पॅकेजे एका लांब यादीत मांडलेली असत. प्रत्येक ओळीच्या आरंभी चार अक्षरी खुणांचे स्तंभ होते : दोष, सध्याची अवस्था, पूर्वीची निवड व नवी निवड. बसविण्यासाठी अधिक, काढण्यासाठी उणे, मांडणीसह निखालस काढण्यासाठी अधोरेखा व आहे त्या आवृत्तीवर थांबविण्यासाठी बरोबरचे चिन्ह, अशा कळी होत्या. एखादे पॅकेज निवडताच त्याच्या अवलंबनांचा वा विरोधांचा एक वेगळा पडदा एकाएकी समोर येई. त्यातील निवडी प्रस्थापकाने स्वतःच सुचविलेल्या असत. दिसण्यात हा पडदा मूळ यादीसारखाच असल्याने आपण कोठे आहोत हे नवख्याच्या ध्यानात येत नसे. एन्टर ही कळ इतर आज्ञावल्यांत ‘हे उघडा’ अशा अर्थाची. येथे तिचा अर्थ ‘सर्व निवडी मान्य करून बाहेर पडा’ असा होता. मोठ्या लिपीतील क्यू हे अक्षर दाबले, तर अवलंबने अपुरी असतानाही निवड तशीच स्वीकारली जाई. मोठ्या लिपीतील आर व एक्स ही अक्षरे माघार घेण्यासाठी होती. पण ती साहाय्य-पडदा वाचणाऱ्यासच ठाऊक होत. अवलंबन व शिफारस यांतील भेद नियंत्रण-फाईलीत स्पष्ट असला, तरी डीसिलेक्ट शिफारसही जवळजवळ सक्तीसारखी पुढे करी. त्यामुळे एका छोट्या आज्ञावलीपोटी न मागितलेली अनेक पॅकेजे यादीत येत.

बसविण्याच्या पायरीतही गोंधळ होता. जुन्या पद्धतींत पॅकेजे अवलंबनांच्या क्रमाने दिली जात नसत. एखाद्या पॅकेजाचा आधार अद्याप बसलेला नसला की ते अडून पडे व पडद्यावर दोषांच्या ओळी दिसत. यावरील रूढ उपाय म्हणजे दोष नाहीसे होईपर्यंत ‘बसवा’ ही पायरी पुनःपुन्हा चालविणे. जाणकारास यात वावगे वाटत नसे. नवख्यास मात्र खरा बिघाड व नुसता क्रमाचा अडथळा यांत फरक करता येत नसे. डीसिलेक्टसाठी नवशिक्यांची स्वतंत्र मार्गदर्शिका लिहावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ज्या प्रणालीचे तत्त्व ‘कोणासही मुक्तपणे वापरता यावी’ असे होते, तिच्या उंबरठ्यावरच सामान्य माणूस अडखळत होता.

या दुर्बोधतेचे मूळ केवळ मांडणीत नव्हते. जून १९९६ मधील डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजे होती. प्रत्येक पॅकेज हवे वा नको एवढाच पर्याय धरला, तरी होणाऱ्या जुळण्यांची संख्या १४३ अंकी येते. त्यांतील बहुतेक जुळण्या अवलंबनांमुळे वा विरोधांमुळे अशक्य असतात. डीसिलेक्ट या अफाट क्षेत्रातून वाट काढण्याचे काम वापरणाऱ्याच्या साहाय्याने करू पाहत होते. प्रश्न वापरणाऱ्यास विचारले जात, पण उत्तर देण्यास लागणारे ज्ञान त्याच्याजवळ नसे.

लायब्ररी-संक्रमण व एपीटी : डेबियनच्या क्रमांकांत १.० ही आवृत्ती नाही. डिसेंबर १९९५ मध्ये एका सीडी-रॉम विक्रेत्याने विकासावस्थेतील अपुरा संच १.० या नावाने विकला. तो नीट चालत नसल्याने गोंधळ टाळण्यासाठी पुढील अधिकृत आवृत्तीस १.१ हा क्रमांक देण्यात आला. यापेक्षा कठीण प्रसंग जुलै १९९८ मधील २.० या आवृत्तीच्या वेळी आला. या आवृत्तीत जवळजवळ सर्व आज्ञावल्यांचा आधार असलेली सी भाषेची मूळ लायब्ररी बदलण्यात आली. जुनी व नवी लायब्ररी एकत्र राहू शकत. परंतु काही मूलभूत पॅकेजे ठराविक क्रमानेच बदलणे आवश्यक होते. क्रम चुकल्यास प्रस्थापक ज्या साधनांवर चालतो तीच निकामी होण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी ‘ऑटोअप’ ही स्वतंत्र लघुसंहिता उपलब्ध करून देण्यात आली. ती आवश्यक पॅकेजे योग्य क्रमाने बसवी व त्यानंतर डीसिलेक्ट वापरता येई.

क्रमनिश्चिती हे काम माणसाचे नसून यंत्राचे आहे, हा धडा त्यातून मिळाला. ‘एपीटी’ या साधनाची जुळणी १९९८ मध्ये चालू होती. जेसन गन्थॉर्प हे त्याचे एक प्रमुख कर्ते होत. मार्च १९९९ मधील डेबियन २.१ मध्ये ते प्रथम समाविष्ट झाले. हवे असलेले पॅकेज सांगितले की एपीटी त्याची अवलंबने शोधी, ती जाळ्यावरून वा तबकडीवरून आणी, योग्य क्रम लावी व डीपीकेजीच्या हाती देई. काय बसणार व काय काढले जाणार हे ते आधी दाखवी. एपीटी हा पायाभूत थर असून त्यावर सुबोध दर्शनी भाग यावयाचा होता. तथापि त्याचे साधे आज्ञारूपच लोकप्रिय झाले. डॅन्येल बरोझ यांचे ‘ॲप्टिट्यूड’ हे त्यावर आधारलेले साधन २००५ मधील ३.१ या आवृत्तीच्या सुमारास शिफारशीचे ठरले व डीसिलेक्ट मागे पडले.

इतर प्रणालींतील समांतर अनुभव : रेड हॅट या वितरणाने १९९५ मध्ये ‘आरपीएम’ ही पद्धत आणली. मार्क यूइंग व एरिक ट्रोन हे तिचे मूळ कर्ते होत. आरपीएम अवलंबन तपासी, पण उणे असलेले पॅकेज आणून देत नसे. एक पॅकेज शोधावे तर ते आणखी दोन मागे, अशी साखळी लांबत जाई. या अवस्थेस ‘अवलंबनांचा नरक’ असे नाव पडले. ड्यूक विद्यापीठात सेथ व्हिडाल व सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास विकसित केलेल्या ‘यम’ या साधनाने ही उणीव भरून काढली.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत आज्ञावल्यांचे प्रस्थापक निरनिराळ्या कंपन्यांचे असत व सामायिक लायब्ररी एकाच निर्देशिकेत ठेवीत. एका प्रस्थापकाने नव्या लायब्ररीवर जुनी आवृत्ती लिहिली की दुसरीच आज्ञावली बंद पडे. आज्ञावली काढताना ‘ही सामायिक फाईल काढावी काय?’ असे विचारले जाई. पण ती अन्य कोणास लागते हे वापरणाऱ्यास कळण्यास मार्ग नसे. विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या फाईलींना संरक्षण देण्यात आले. त्यापूर्वी १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सामाईक सेवा आली. अयशस्वी झाल्यास केलेले बदल मागे घेणे हे तिचे वैशिष्ट्य होय. तिच्यातही दुर्बोधता उरलीच. १६०३ हा तिचा प्रसिद्ध दोषांक केवळ ‘गंभीर दोष’ एवढेच सांगतो. खरे कारण सविस्तर नोंदपत्रात, ‘प्रत्यागत मूल्य ३’ या अर्थाच्या ओळीच्या थोडे वर शोधावे लागते.

सैद्धांतिक विवेचन : दिलेल्या संग्रहातून एखादे पॅकेज बसविणे शक्य आहे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. यूरोपातील ‘एडॉस’ या संशोधन प्रकल्पातील रॉबेर्तो दि कॉस्मो व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, हा प्रश्न स्टीव्हन कुक यांनी १९७१ मध्ये अभ्यासिलेल्या तार्किक समाधेयतेच्या प्रश्नाइतकाच कठीण आहे. प्रत्येक पॅकेज हे एक सत्य वा असत्य विधान मानले, तर ‘क ला ख किंवा ग हवे’ हे अवलंबन व ‘ख आणि घ एकत्र नकोत’ हा विरोध ही तार्किक वाक्येच होत. ती सर्व एकाच वेळी खरी ठरविणारी जुळणी शोधावयाची असते. विरोध मुळीच नसते, तर प्रश्न सुलभ झाला असता. पर्याय व विरोध एकत्र आल्याने तो कठीण होतो. व्यवहारात मात्र उत्तम निराकरण-पद्धती बहुतेक उदाहरणे त्वरित सोडवितात. ओपनसूझे वितरणाने २००८ मध्ये अशी पद्धती स्वीकारली. एपीटीची मूळ पद्धती गुणांकनावर आधारलेली होती व उत्तर असूनही क्वचित ते तिला सापडत नसे. २०२५ मधील तिच्या तिसऱ्या आवृत्तीत नवा निराकरक समाविष्ट झाला.

दोषशोधनाची पद्धत : अनेक वर्षांच्या अनुभवातून दोषशोधनाचे काही सर्वमान्य नियम स्थिर झाले. (१) शेवटचा नव्हे, तर पहिला दोषसंदेश वाचावा. पुढील संदेश बहुधा त्याचेच परिणाम असतात. (२) दोष कोणत्या टप्प्यावर आला ते ठरवावे. पॅकेज आणताना आलेला दोष जाळ्याचा वा उगमस्थानाचा, उलगडताना आलेला जागेचा किंवा दोन पॅकेजांत समान असलेल्या फाईलीचा आणि सिद्ध करताना आलेला लघुसंहितेचा असण्याचा संभव अधिक असतो. (३) प्रस्थापकाची नोंद तपासून अर्धवट अवस्थेतील पॅकेजे शोधावीत व प्रथम ती पूर्ण करावीत. डीपीकेजीमध्ये यासाठी तपासणीची व राहिलेली सर्व पॅकेजे सिद्ध करण्याची स्वतंत्र आज्ञा आहे. (४) पॅकेज कोणत्या उगमातून व कोणत्या आवृत्तीचे येत आहे हे पाहावे. दोन भिन्न वितरण-आवृत्तींचे उगम एकत्र करणे हे असाध्य अवलंबनांचे फार सामान्य कारण आहे. (५) प्रत्यक्ष बदलापूर्वी नुसती रंगीत तालीम करून घ्यावी व विशेषतः काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचावी. (६) नियम मोडून बळाने बसविण्याची आज्ञा शेवटचा उपाय म्हणून, परिणाम समजून घेऊनच वापरावी. कारण तिने दोष नाहीसा होत नाही, तर त्याची नोंद खोटी ठरते.

यांपैकी पाचव्या नियमाचे महत्त्व २०२१ मध्ये पुन्हा प्रत्ययास आले. लिनक्स प्रथमच नित्य वापरून पाहणाऱ्या एका प्रसिद्ध कॅनेडियन चित्रफीत-निवेदकाने खेळांची एक आज्ञावली बसविण्यास सांगितली. पॅकेजांच्या अवलंबनांतील तात्पुरत्या दोषामुळे एपीटीने त्यासाठी संपूर्ण चित्रमय पडदाच काढण्याचा प्रस्ताव मांडला आणि धोक्याची सूचना देऊन ‘होय, मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे वाक्य टंकलिखित करण्यास सांगितले. ते टंकलिखित होताच चित्रमय पडदा नाहीसा झाला. प्रस्थापकाने सूचना दिली होती, हे खरे. परंतु लांब यादीखालील सूचना हे संरक्षण होत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. त्यानंतर लवकरच एपीटीत बदल करून अत्यावश्यक पॅकेजे अशा रीतीने काढण्यास अटकाव करण्यात आला.

अलीकडील प्रवाह : विरोध सोडविण्याऐवजी तो उद्‌भवूच न देण्याचे प्रयत्नही झाले. एल्को डॉल्स्ट्रा यांनी उत्रेख्त विद्यापीठातील २००६ च्या प्रबंधात ‘निक्स’ ही पद्धत विशद केली. तीत प्रत्येक पॅकेज त्याच्या सर्व घटकांवरून काढलेल्या संकेताच्या नावाने स्वतंत्र जागी राहते. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्ती शेजारी नांदू शकतात व मागील स्थितीत परतणे सोपे होते. २०१३ पासून प्रसृत झालेल्या डॉकर पद्धतीत आज्ञावली आपल्या अवलंबनांसह एका बंद पेटीत दिली जाते. यात जागा अधिक लागते, तसेच सामायिक लायब्ररीतील सुरक्षेचा दोष प्रत्येक पेटीत वेगळा दुरुस्त करावा लागतो. प्रोग्रॅमिंग भाषांच्या स्वतंत्र संग्रहांमुळे अवलंबनांची साखळी अधिकच लांबली. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या संग्रहातून ‘लेफ्ट-पॅड’ हे केवळ ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने मागे घेतले, तेव्हा त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य आज्ञावल्यांची जुळणी काही काळ थांबली.

भारतात पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने डेबियनवर आधारित ‘बॉस’ हे वितरण २००७ मध्ये उपलब्ध केले. फेब्रुवारी २००९ मधील डेबियन ५.० च्या प्रस्थापकात मराठी भाषेचा समावेश झाला. संदेश मातृभाषेत आल्याने भाषेचा अडसर दूर होतो. तथापि प्रश्नच चुकीच्या व्यक्तीस विचारला गेला असेल, तर अनुवादाने तो सुबोध होत नाही.

जून २०२३ मधील डेबियन १२ मध्ये ६४,००० हून अधिक पॅकेजे होती. १.१ च्या तुलनेत ही संख्या शंभरपटीहून अधिक असूनही ती बसविणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. गुंतागुंत कमी झाली म्हणून हे घडलेले नाही. तिचा जो भाग यंत्रास सोडविता येतो तो यंत्राकडे गेला आणि आपल्या संगणकावरून काय जाऊ द्यावयाचे नाही, हा निर्णय तेवढा वापरणाऱ्याकडे राहिला. या विभागणीची सीमारेषा योग्य जागी आखणे हेच आजही प्रस्थापकाच्या रचनेतील प्रमुख कार्य मानले जाते.